नेमबाजीसाठी पिस्तूल निवडताना : आधी प्रकार आणि हात, मग शस्त्र

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराची पात्रता फेरी सुरू असताना भारताच्या मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. मोजून दिलेल्या वेळेतील मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली. ५७५ गुणांसह तिला बाराव्या स्थानावर समाधान मानावे लागले आणि आठ जणींच्या अंतिम फेरीत तिला स्थान मिळाले नाही. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ रोजी, पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक पटकावले. ऑलिम्पिक नेमबाजीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या साथीने तिने मिश्र सांघिक प्रकारातही कांस्यपदक जिंकले.

या दोन ऑलिम्पिकमधील अंतर केवळ पिस्तुलाचे नव्हते. तरीही या खेळात हातातील साधनाचा वाटा किती मोठा असतो, हे टोकियोतील त्या प्रसंगाने सर्वसामान्य प्रेक्षकालाही जाणवले. पॅरिसच्या पदकांनंतर देशभरातील अनेक पालक आपल्या मुलामुलींना घेऊन नेमबाजीच्या रेंजवर येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : कोणते पिस्तूल घ्यावे? अनुभवी प्रशिक्षकांचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते. पिस्तूल सर्वांत शेवटी घ्यावे. कोणत्या प्रकारात खेळायचे, कायदा काय सांगतो, नियमांची चौकट कोणती आणि आपला हात कसा आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की पिस्तुलाची निवड बरीच सोपी होते.

प्रकार कोणता?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलाचे प्रमुख प्रकार १०, २५ आणि ५० मीटर अंतरावरून खेळले जातात. १० मीटर एअर पिस्तूल हा त्यांतील सर्वाधिक प्रचलित आणि नवोदितांसाठी सर्वांत योग्य प्रकार आहे. त्यात दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सोडला जातो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकपासून हा प्रकार पुरुष व महिला दोन्ही गटांत खेळला जातो. पात्रता फेरीत ६० नेम असतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी सव्वा तासाचा अवधी मिळतो.

२५ मीटर अंतरावर .२२ लाँग रायफल काडतुसाचे पिस्तूल वापरले जाते. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० नेम सावकाश, अचूकतेचे असतात, तर ३० नेम जलद असतात. जलद टप्प्यात प्रत्येक नेमासाठी अवघे तीन सेकंद मिळतात. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात ओळीने मांडलेल्या पाच लक्ष्यांवर आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत पाच नेम साधावे लागतात. याच प्रकारात विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात बरोबरीनंतरच्या शूट-ऑफमध्ये सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला होय.

याखेरीज २५ मीटर सेंटर-फायर हा मोठ्या काडतुसाचा प्रकार आहे. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्यात सुवर्णपदक मिळवले होते. ५० मीटर पिस्तूल, म्हणजेच जुने 'फ्री पिस्तूल', २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर ऑलिम्पिकच्या कार्यक्रमातून वगळण्यात आले. जितू रायने २०१४ च्या आशियाई स्पर्धेत या प्रकारात सुवर्ण मिळवले होते.

प्रत्येक प्रकाराचे पिस्तूल वेगळे असते. एका प्रकारासाठी घेतलेले शस्त्र दुसऱ्यात सहसा चालत नाही. त्यामुळे 'एकच पिस्तूल घेऊ, सगळीकडे वापरू' हा हिशेब या खेळात जुळत नाही. सुरुवात एअर पिस्तुलाने करावी आणि पाया पक्का झाल्यावर २५ मीटरचा विचार करावा, हाच बहुतेक भारतीय नेमबाजांचा मार्ग राहिला आहे.

कायदा काय सांगतो?

भारतात शस्त्रांविषयीचे व्यवहार शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार चालतात. ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंचांपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्रांना परवान्यातून सूट आहे. स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या जवळपास भरते, म्हणजे मर्यादेपेक्षा बरीच कमी. तथापि परवाना लागत नाही याचा अर्थ कोणतीही नोंद लागत नाही, असा नव्हे. खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करावी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा द्यावा आणि पावती कायम जपून ठेवावी. प्रवासात ही पावती आणि क्लबचे ओळखपत्र सोबत असावे.

.२२ पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे आणि त्यासाठी परवाना अनिवार्य आहे. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे करावा लागतो. परवान्यासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा २१ वर्षांची आहे. त्याहून लहान नेमबाजांना प्रशिक्षणासाठी देखरेखीखाली शस्त्र वापरता यावे, यासाठी नियमांत स्वतंत्र तरतुदी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. नामांकित आणि उदयोन्मुख नेमबाजांसाठी शस्त्रांची संख्या व काडतुसांचा कोटा यांत सवलती आहेत. त्या मिळवण्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी आणि राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरते.

सेंटर-फायर प्रकारासाठी नियमांत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची मुभा आहे. भारतात मात्र लष्कर व पोलिसांकडील ९ मिलिमीटर पिस्तुलाचा समावेश प्रतिबंधित बोअरमध्ये होत असल्याने सामान्य नागरिकाला ते घेता येत नाही. परिणामी नागरी नेमबाज .३२ काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळतात. स्वसंरक्षणासाठी विकली जाणारी .३२ रिव्हॉल्व्हरे आणि स्पर्धेची .३२ पिस्तुले यांत मात्र मोठा फरक आहे. आखूड नळी, जड ट्रिगर आणि न हलवता येणारी साइट असलेले घरगुती रिव्हॉल्व्हर घेऊन लक्ष्यवेधाच्या स्पर्धेत उतरणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय.

या खेळाची देशातील शिखर संस्था असलेली राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष. त्यांच्या नावाने होणारी अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा आजही नवोदितांसाठी राष्ट्रीय पातळीकडे जाणारी महत्त्वाची पायरी आहे. पिस्तूल घेण्यापूर्वी जिल्हा किंवा राज्य संघटनेशी संलग्न क्लबचे सदस्यत्व घेणे हेच पहिले पाऊल असावे. परवान्याची शिफारस, आयातीची कागदपत्रे आणि स्पर्धेतील प्रवेश या सर्वांचा मार्ग तेथूनच जातो.

नियमांची चौकट

बाजारात सुंदर दिसणारे प्रत्येक पिस्तूल स्पर्धेत चालतेच असे नाही. एअर पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटर मापाच्या पेटीत बसले पाहिजे. ट्रिगर दाबण्यासाठी किमान ५०० ग्रॅम दाब आवश्यक असतो. २५ मीटरच्या पिस्तुलासाठी वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, पेटीचे माप ३०० × १५० × ५० मिलिमीटर आणि ट्रिगरचा किमान दाब १००० ग्रॅम आहे. त्याची नळी १५३ मिलिमीटरपेक्षा आणि दोन साइटमधील अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

दोन्ही प्रकारांत साइट उघडीच असावी लागते. दुर्बीण, आरसा किंवा लेझर यांना मनाई आहे. मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा नसावा आणि मनगट स्पष्टपणे मोकळे दिसले पाहिजे. नेम धरणाऱ्या हातावर घड्याळ किंवा कडेही चालत नाही. हवेच्या सिलिंडरची मुदत उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षांची असते आणि ती तपासण्याची जबाबदारी खेळाडूची असते. जुने पिस्तूल स्वस्तात मिळाल्याचा आनंद सिलिंडरवरील तारीख पाहिल्यावर मावळल्याची उदाहरणे रेंजवर नवी नाहीत.

मूठ : निवडीचा खरा निकष

स्पर्धेच्या पिस्तुलात नळी, हवेची यंत्रणा आणि ट्रिगर यांची गुणवत्ता आता इतकी उंचावली आहे की नामवंत उत्पादकांच्या पिस्तुलांतील अचूकतेचा फरक नवोदिताला जाणवणार नाही. ऑस्ट्रियाची स्टायर, स्वित्झर्लंडची मोरिनी, जर्मनीच्या वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीची पार्दिनी ही नावे जगभरच्या रेंजवर दिसतात. शिकंज्यात आवळून झाडल्यास यांपैकी कोणतेही चांगल्या स्थितीतील एअर पिस्तूल १० मीटरवर जवळजवळ एकाच छिद्रातून छर्रे पाठवते. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. पिस्तूल ते चुकवत नाही. चुकवतो तो हात. म्हणूनच हात आणि पिस्तूल यांचा सांधा, म्हणजे मूठ, हा निवडीचा खरा निकष ठरतो.

मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि उजव्या व डाव्या हातासाठी वेगवेगळ्या मिळतात. योग्य मुठीची परीक्षा सोपी आहे. नेमबाजाने डोळे मिटून, हात सैल ठेवून पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने उचलावे आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत आपोआप मधोमध दिसत असेल, तर मूठ हाताला मानवली आहे. ती दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडे दिसत असेल, तर मनगट वळवून ती मध्ये आणण्याची सवय लावू नये. मुठीचा कोन बदलावा किंवा लाकूड घासून अथवा पुट्टी भरून आकार दुरुस्त करावा. मनगटाच्या जोरावर साधलेली सरळ रेषा पहिल्या दहा नेमांत टिकते. चाळिसाव्या नेमाला ती ढळते.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सरळ मागे दाब देऊ शकेल इतक्या अंतरावर ट्रिगर असावा आणि तर्जनीचा उरलेला भाग मुठीला घासता कामा नये. तळहाताखालचा आधार हाताला हलका स्पर्श करणारा असावा. हात करकचून आवळणारा नसावा. वाढत्या वयाच्या मुलांचा हात दोन वर्षांत बदलतो. त्यांच्यासाठी मूठ बदलता येईल असे पिस्तूल घेणे शहाणपणाचे ठरते. कोकण किनारपट्टी किंवा मुंबईसारख्या दमट हवेत लाकडी मूठ घामाने व ओलाव्याने फुगू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

साइट आणि दृष्टी

पिस्तुलाच्या नेमात दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्यांतील फरक समजला की साइटचे महत्त्व उलगडते. समजा, साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण संपूर्ण हात ५ मिलिमीटर खाली गेला. अशा वेळी छर्राही लक्ष्यावर ५ मिलिमीटरच खाली लागेल. १० मीटरच्या लक्ष्यावर दोन वर्तुळांतील अंतर ८ मिलिमीटर असल्याने नुकसान जेमतेम एका गुणाचे होते. परंतु हात स्थिर असून पुढची साइट मागच्या खाचेत केवळ १ मिलिमीटरने सरकली, तर ३३० मिलिमीटर साइट-अंतराच्या पिस्तुलात छर्रा १० मीटरवर सुमारे ३० मिलिमीटरने भरकटतो. म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. २५ मीटरच्या पिस्तुलात साइट-अंतर २२० मिलिमीटरच असल्याने तीच चूक लक्ष्यावर ११ सेंटिमीटरपेक्षा अधिक होते.

या गणितातून निवडीसाठी दोन धडे मिळतात. पहिला असा की, पुढची साइट आणि मागची खाच यांची रुंदी बदलता येण्याजोगी असावी आणि पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या पट्ट्या स्वच्छ दिसाव्यात. दुसरा असा की, साइट-अंतर जितके जास्त तितकी अचूकता वाढते, पण हाताची थरथरही तितकीच ठळक दिसते. नवोदिताला थोडे आखूड अंतर अधिक शांत वाटू शकते. त्यामुळे हे अंतर कमी-जास्त करण्याची सोय असलेले पिस्तूल दीर्घकाळ उपयोगी पडते.

नेमबाजाची नजर लक्ष्यावर नव्हे, तर पुढच्या साइटवर स्थिरावलेली असावी लागते. चाळिशी उलटलेल्या खेळाडूंना तेथे नजर ठरवणे जड जाते. अशांनी महागडे पिस्तूल शोधण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून हातभर अंतरासाठी योग्य भिंग करून घ्यावे. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो. त्याची चाचणी खरेदीपूर्वीच करावी, कारण डाव्या हाताने नेमबाजी करण्याचा निर्णय झाल्यास मूठही डावीच घ्यावी लागते.

ट्रिगर

चांगला ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो हलक्या दाबाने मागे येतो, एका स्पष्ट जागी थांबतो आणि त्यानंतर थोडा अधिक दाब दिला की नेम सुटतो. हा थांबा बोटाला नेमका जाणवला पाहिजे. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत पिस्तुलाच्या नळीचे तोंड वर ठेवून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचलताना ट्रिगर सुटला तर पिस्तूल अपात्र ठरते. म्हणून ट्रिगर नेमका ५०० ग्रॅमवर न ठेवता काहीसा अधिक ठेवण्याची प्रथा आहे. वापराने आणि तापमानाने त्यात किंचित फरक पडतो.

यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही प्रकारांचे ट्रिगर मिळतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची जाणीव अतिशय सारखी व स्वच्छ असते. मात्र तो बॅटरी आणि सर्किटवर अवलंबून असतो आणि बिघाड झाल्यास रेंजवर तात्काळ दुरुस्ती अवघड होते. यांत्रिक ट्रिगरची देखभाल तुलनेने सोपी आहे. दुरुस्तीची सोय जवळपास नसलेल्या गावातील खेळाडूने हा मुद्दा गांभीर्याने विचारात घ्यावा. उच्च पातळीवर खेळणारे नेमबाज याच कारणाने दुसरे, तशाच मुठीचे पिस्तूल जवळ ठेवतात.

वजन आणि तोल

स्पर्धेची एअर पिस्तुले साधारणतः एक किलोच्या आसपास भरतात. एका हाताने, कोपर सरळ ठेवून, सव्वा तासात साठपेक्षा अधिक वेळा ते उचलायचे असते. जड पिस्तूल कमी थरथरते हे खरे, पण खांदा थकल्यावर तेच ओझे होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी आखूड नळीची, हलकी पिस्तुले बनवली जातात. प्रौढांचे पिस्तूल मुलाच्या हाती देऊन 'सवय होईल' असे म्हणणे खांद्याला व पाठीला अपायकारक ठरू शकते. पिस्तुलाचा तोल किंचित पुढे असावा, म्हणजे नळी स्थिर राहते. अनेक पिस्तुलांत पुढे छोटी वजने लावता येतात. नवोदिताने ती सुरुवातीला काढून ठेवावीत आणि ताकद वाढेल तशी एकेक लावावीत.

हवा कोठून येणार?

एअर पिस्तुलाच्या यंत्रणेने गेल्या सहा दशकांत अनेक वळणे घेतली. १९६० च्या दशकात स्प्रिंगवर चालणारी, धक्का शोषणारी पिस्तुले आली. पुढे एका दट्ट्यात हवा दाबणारी आणि कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुले रूढ झाली. आज स्पर्धेत प्रामुख्याने २०० बारपर्यंत दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरलेली पिस्तुले दिसतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानानुसार बदलतो. मे महिन्यातील नागपूर आणि डिसेंबरमधील दिल्ली यांत तेच पिस्तूल वेगळे वागू शकते. दाबलेल्या हवेच्या पिस्तुलात हा दोष बराच कमी असतो.

सिलिंडरचे पिस्तूल घेण्याआधी एक व्यावहारिक प्रश्न विचारावा : हवा कोठे भरणार? मोठ्या शहरांतील रेंजवर कॉम्प्रेसर असतो. लहान गावात हातपंप घ्यावा लागतो, आणि दमट हवेत त्यातून आत जाणारा ओलावा यंत्रणेला गंज आणू शकतो. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असावा. जेथे हवा भरण्याची कोणतीच सोय नाही, तेथे एका दट्ट्यात हवा दाबणारे पिस्तूल सरावासाठी अजूनही उपयुक्त आहे. प्रत्येक नेमापूर्वी जोर लावावा लागत असल्याने ते थकवते. मात्र घरच्या घरी, कोणावरही अवलंबून न राहता त्याचा वापर करता येतो.

.२२ पिस्तूल : विश्वासार्हता प्रथम

२५ मीटरच्या पिस्तुलात आणखी दोन घटक येतात, ते म्हणजे धक्का आणि काडतूस. जलद नेमात पहिली गोळी सुटल्यावर साइट किती लवकर पूर्वस्थितीत परततात, यावर सर्व काही अवलंबून असते. नळी हाताच्या जितकी जवळ, तितकी पिस्तुलाची उसळी कमी. रॅपिड फायरमध्ये पूर्वी कमी धक्क्याची .२२ शॉर्ट काडतुसे वापरली जात. २००५ पासून तेथेही .२२ लाँग रायफल अनिवार्य झाल्याने महिलांच्या आणि पुरुषांच्या २५ मीटर प्रकारांत एकच पिस्तूल चालते.

स्वयंभरण पिस्तूल प्रत्येक काडतुसाशी सारखे जुळत नाही. एका कंपनीच्या काडतुसांवर सुरळीत चालणारे पिस्तूल दुसऱ्या काडतुसावर अडकू शकते. चार सेकंदांच्या मालिकेत अडकलेले काडतूस म्हणजे मोडलेली लय. म्हणून खरेदीपूर्वी, भारतात नियमित उपलब्ध असलेल्या काडतुसांवर ते पिस्तूल किमान शंभर-दोनशे नेम विनाअडथळा चालते का, हे रेंजवर पाहावे. रिकाम्या .२२ पिस्तुलाने कोरा सराव करताना पिन काडतुसाच्या जागी नळीच्या कडेवर आदळून खाच पडू शकते. अशा सरावाची स्वतंत्र सोय असलेले पिस्तूल घ्यावे किंवा बनावट काडतूस वापरावे. एअर पिस्तुलात कोऱ्या सरावाची सोय बहुधा असतेच. घरी भिंतीसमोर केलेला हा बिनखर्चिक सराव नेमबाजाच्या घडणीत मोठा वाटा उचलतो.

खर्च : पिस्तुलापलीकडचा हिशेब

आयात केलेल्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची किंमत लाख रुपयांच्या पुढे जाते. कुटुंबासाठी हा मोठा निर्णय असतो. पण खर्च तेथे संपत नाही. आठवड्यातून चार दिवस, दररोज ८० छर्रे असा सराव धरला, तर वर्षाला सुमारे १६ हजार छर्रे लागतात. पाचशेच्या डब्यांत मोजल्यास ते ३२ डबे होतात. रेंजचे शुल्क, प्रशिक्षकाचे मानधन, स्पर्धांचा प्रवास आणि बूट हे वेगळेच. सगळी पुंजी पिस्तुलात घालून छर्र्यांसाठी हात आखडता घेण्यापेक्षा साधे, वापरलेले पण सुस्थितीतील पिस्तूल घेऊन भरपूर सराव करणे अधिक फलदायी ठरते.

वापरलेले पिस्तूल घेताना चार गोष्टी तपासाव्यात : सिलिंडरची तारीख, हवेची गळती, ट्रिगरची स्थिरता आणि सुट्या भागांची उपलब्धता. सिलिंडर भरून रात्रभर ठेवल्यास गळती लक्षात येते. सर्वांत चांगले म्हणजे पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर शिकावे. नवी दिल्लीतील डॉ. कर्णी सिंग रेंज, पुण्यातील बालेवाडी, भोपाळची राज्य नेमबाजी अकादमी अशा ठिकाणी वेगवेगळी पिस्तुले हाताळलेले प्रशिक्षक आणि खेळाडू भेटतात. त्यांच्या परवानगीने दोन-तीन प्रकारची पिस्तुले हातात धरून पाहण्याचा लाभ कोणत्याही माहितीपत्रकाने मिळत नाही.

सुरक्षा

हवेचे असो वा काडतुसाचे, पिस्तूल हे खेळणे नाही. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर आणि प्रत्येक पिस्तूल भरलेले आहे असे समजूनच हाताळणे, हे नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडावेत. रेंजवर पिस्तूल वापरात नसताना नळीतून जाणारी ठळक रंगाची सुरक्षा-दोरी लावणे बंधनकारक आहे. .२२ प्रकारात कानांचे संरक्षण आवश्यक आहे. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुवावेत आणि रेंजवर खाणे टाळावे. घरी पिस्तूल कुलपात, छर्रे किंवा काडतुसे वेगळ्या जागी आणि किल्ली मोठ्यांकडे असावी.

निवडीचा क्रम

या सर्वांचा सारांश एका क्रमात मांडता येतो. प्रथम क्लबचे सदस्यत्व आणि प्रकाराची निश्चिती. त्यानंतर कायदेशीर बाजू आणि स्पर्धेचे नियम. मग प्रबळ डोळा, हाताचे माप आणि अंगातील ताकद. पुढे मूठ आणि ट्रिगर यांची प्रत्यक्ष परीक्षा. हवा, छर्रे आणि दुरुस्ती यांची आपल्या गावातील सोय त्यानंतर पाहावी. उत्पादकाचे नाव आणि रंगरूप यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम उलटा झाला की नेमबाज पिस्तुलाच्या दोषांना सांभाळून घेण्याच्या सवयी लावून घेतो आणि त्या मोडण्यात वर्षे जातात. क्रम पाळला, तर पिस्तूल हातात आल्यावर त्याचा विसर पडतो आणि लक्ष राहते ते पुढच्या साइटवर. नेमबाजाला हवे असलेले पिस्तूल नेमके तेच असते.